फॉयतों, फेल्येतोन, फोयेतीन : पेपरातला हा एकच शब्द देशागणिक एवढा का बदलतो?

मिरजवाली

नमस्कार मंडळी. विश्रामबागला आमचा एक वाचनकट्टा आहे, सध्या आम्ही युरोपातलं जुनं लिखाण भाषांतरातून वाचतोय, आणि एक शब्द सारखा आडवा येतोय. रशियन गोष्टीत एक जण पेपरात 'फेल्येतोन' लिहितो आणि एका साहेबाची पार अब्रू काढतो. पुढच्याच आठवड्यात व्हिएन्नावरचा लेख वाचला तर तिथे पेपरच्या 'फॉयतों'चा संपादक म्हणून एक गृहस्थ आहेत आणि त्यांच्या विभागात नाटक, पुस्तकं, प्रवास असलं सगळं. मग एका फ्रेंच पुस्तकाच्या प्रस्तावनेत वाचलं की ड्युमाच्या कादंबऱ्या फॉयतों म्हणून छापून यायच्या, म्हणजे क्रमशः कादंबरी. माझी मैत्रीण पोलंडच्या एका कंपनीबरोबर काम करते, तिच्या तिथल्या सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला फेल्येतोन म्हणजे एखाद्या लेखकाचं दर आठवड्याचं सदर, दुसरं काही नाही.

आता एकच शब्द आहे का नुसता सारखा वाटतोय? आणि मराठीत याला काय म्हणायचं, कारण आम्ही कट्ट्यासाठी छोट्या टिपा लिहून काढतोय आणि तिथेच गाडी अडलीय. शब्दकोशात 'वृत्तपत्रातील साहित्यविषयक भाग' एवढंच आहे, त्याने रशियन साहेबाचं काही जमत नाही.

जुना सबएडिटर (सातारा)

ताई, एकच शब्द आहे आणि तुम्हाला भेटलेले चारही अर्थ बरोबर आहेत. हे मूळचं पानावरच्या जागेचं नाव. त्या जागेत ज्या देशात जे छापलं गेलं ते त्या देशात त्या शब्दाचा अर्थ होऊन बसलं, एवढं धरून चाललात की सगळं सुटत जातं.

फ्रेंचमध्ये पानाला जो शब्द आहे त्याचंच हे लहान रूप, म्हणजे छोटं पान, चिठोरं म्हणा. गोष्ट सुरू होते पॅरिसला १८०० च्या जानेवारीत. नेपोलियन नुकताच सत्तेवर आलेला आणि त्याने १७ जानेवारीला हुकूम काढून पॅरिसचे राजकीय पेपर धडाधड बंद केले, फक्त १३ ठेवले. जे राहिले त्यांनी राजकारणावर फार बोलायची सोय नव्हती. त्याच महिन्यात 'जुर्नाल दे देबा' या पेपरने, बेर्तां नावाचे भाऊ तो चालवायचे, नाटकं, पुस्तकं, फॅशन, कोडी असला मजकूर एका वेगळ्या चिठोऱ्यासारखा द्यायला सुरुवात केली. नंतर तो मजकूर पानावरच पण तळाला आला आणि वरच्या बातम्यांपासून तोडायला मध्ये एक आडवी रेघ. झॉफ्र्वा नावाचा माणूस तिथे नाटकांवर लिहायचा, आधी मास्तरकी केलेला, हात एकदम कडक. लोक पेपर हातात घेऊन आधी तळाला बघायला लागले. पॅरिसवाले त्या जागेला तळमजला म्हणायचे आणि जर्मन लोक म्हणायचे 'रेघेखाली'.

आपल्याकडे डेस्कवर काम केलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. पहिल्या पानाच्या तळाला आडवी पसरून जी स्टोरी लागते तिला आम्ही अँकर म्हणायचो, अजून म्हणतात. ब्रोमाइड, म्हणजे मजकुराचे छापील कागद, कापून पान चिकटवायचे दिवस होते, वरच्या बातम्या रात्री बारापर्यंत बदलत राहायच्या, मंत्र्याचं भाषण आलं की काहीतरी उचलून टाकायचं, पण अँकर संध्याकाळीच चिकटवून मोकळं व्हायचं, वर एक रूल टाकला की त्याला कुणी हात लावायचं नाही. तिथे काय जायचं तर निवांत वाचायची, माणसाची गोष्ट. माण-खटावच्या चारा छावणीत राहिलेलं कुटुंब, एखादा म्हातारा वासुदेव, असं. आणि मग रिपोर्टर फोनवर सांगायला लागले की 'आज माझ्याकडे एक अँकर आहे'. बातमी अजून लिहिलेली नाही, जागा ठरलेली नाही, तरी ती अँकर! म्हणजे जागेचं नाव त्या धाटणीच्या लिखाणाला चिकटलं. फॉयतोंचं तेच झालं, फक्त अख्ख्या युरोपभर आणि दोनशे वर्षं.

कादंबरीचं पुढचं प्रकरण १८३६ चं. एमिल द जिरार्दां याने १ जुलैला 'ला प्रेस' काढला आणि वर्षाची वर्गणी ठेवली ४० फ्रँक, इतर पेपरांची ८० असताना. तूट जाहिरातीतून भरायची. पण जाहिरातदार यायला वाचक पाहिजेत आणि वाचक रोज यायला काहीतरी ओढ पाहिजे, म्हणून रेघेखाली कादंबरी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बाल्झाकची छोटी कादंबरी तिथे रोज थोडी थोडी छापली. मग १८४२-४३ ला युजेन स्यूची पॅरिसच्या गल्लीबोळांतली ती गाजलेली कादंबरी 'देबा'त आली आणि लोक वेडे झाले, ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. पुढच्या कादंबरीसाठी दुसऱ्या पेपरने स्यूला १ लाख फ्रँक मोजले. ड्युमाचे तीन शिलेदार १८४४ ला 'ल सिएक्ल'मध्ये. सरकारला याची एवढी धास्ती की १८५० ला कायदाच केला, ज्या अंकात फॉयतों-कादंबरी असेल त्याच्या प्रत्येक प्रतीवर १ सांतीम जादा स्टँप. आजच्या फ्रान्समध्ये फॉयतों म्हटलं की लोकांना टीव्हीवरची रोजची मालिका आठवते, ती याच वाटेने.

कऱ्हाडकर व्हिएन्ना

सबएडिटर काकांनी पाया एकदम पक्का घातलाय. जर्मन बाजू मी सांगतो, दहा-बारा वर्षं इकडे आहे आणि रोज पेपरात हा शब्द बघतो.

जर्मन बोलणाऱ्या देशांत आज फॉयतों म्हणजे पेपरचा सांस्कृतिक विभाग. खेळाचं पान, अर्थकारणाचं पान, तसं फॉयतोंचं पान. फ्रँकफुर्टच्या मोठ्या पेपरचा हा विभाग तर देशभर दबदबा असलेला, तिथे पुस्तकपरीक्षणासोबत इतिहास, धर्म, विज्ञान यावरचे मोठमोठे वादही चालतात. म्हणजे आपली रविवारची पुरवणी, पण रोज आणि जास्त जड.

पण व्हिएन्नात जुना अर्थ वेगळा होता आणि ताई, तुम्ही वाचलेला लेख बहुतेक त्या काळाबद्दल असणार. १८४८ ला इथे 'डी प्रेस' निघाला तो त्या जिरार्दांच्या पेपरचाच कित्ता गिरवून, नाव पण तेच घेतलं. त्यातून फुटून १८६४ ला 'नॉये फ्राये प्रेस'. या पेपरच्या पहिल्याच पानावर खालचा भाग रेघ मारून फॉयतोंसाठी राखलेला असायचा. वर सम्राट, युद्ध, पार्लमेंट आणि खाली एखादा लेखक उद्यानातल्या बाकावर बसून काय दिसलं ते लिहितोय. थिओडोर हर्झल, ज्याला जग ज्यू राष्ट्राच्या चळवळीचा जनक म्हणून ओळखतं, तो आधी या पेपरचा पॅरिसचा वार्ताहर होता आणि १८९५ ला परत आल्यावर फॉयतोंचा संपादक झाला. तुमच्या लेखातले गृहस्थ हेच असतील तर नवल नाही. विशीच्या उंबरठ्यावरच्या श्टेफान त्स्वाइगने स्वतः जाऊन त्यांच्या हातात लेख ठेवला आणि त्यांनी तिथल्या तिथे वाचून घेतला, त्या वयात त्या रेघेखाली नाव येणं म्हणजे गावात एका रात्रीत माणूस मोठा.

आणि याच गोष्टीवर चिडणारेही होते. व्हिएन्नाचाच उपहासकार कार्ल क्राउस याने १९१० मध्ये जर्मन कवी हाइनेवर निबंध लिहिला, त्याचं म्हणणं असं की पॅरिसहून लिहिणाऱ्या हाइनेने हे लाघवी गद्य जर्मनमध्ये आणलं आणि त्यामुळे कुणीही उठून विचार नसतानाही नटवून लिहायला लागला. मला क्राउस तिथे फार कडक वाटतो. कारण त्याच परंपरेतून पुढे १९२० च्या दशकात योझेफ रोथ आला, 'फ्रांकफुर्टर त्सायटुंग'सारख्या पेपरांसाठी त्याने बर्लिनचे रेल्वेजंक्शन, बेघरांचे निवारे, रस्त्यावरचे लोक यावर जे लिहिलंय ते वाचून बघा. बातमीत मावणार नाही असं सगळं त्या छोट्या जागेत आहे.

वाईचे मास्तर

चर्चा छान चाललीय. पण टिपेसाठी मराठी शब्द हवा असेल तर 'ललित' सरळ वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे ललितलेख, ललितनिबंध ही परंपरा वृत्तपत्रं आणि मासिकांतूनच वाढली, आत्मपर, हलकं, गप्पा मारल्यासारखं लिखाण. वाचकाला परका शब्द कशाला द्यायचा?

जुना सबएडिटर (सातारा)

मास्तर, तुमचा आदर ठेवून सांगतो, व्हिएन्नाला ललित चालेल पण रशियाला नाही चालायचं. तिथे सुरुवात गप्पांनीच झाली हे खरं. १८४७ ला तरुण दस्तयेव्हस्की पीटर्सबर्गच्या पेपरात शहरातल्या घडामोडींवर, हवापाण्यावर, लोकांच्या कंटाळ्यावर फेल्येतोन लिहायचा, ते जवळपास ललितच. पण शतकाच्या शेवटाकडे तो शब्द टोकदार व्हायला लागला आणि क्रांतीनंतर तर फेल्येतोन म्हणजे उपहासाचा चाबूक असंच झालं. 'गुदोक' म्हणजे भोंगा, हा रेल्वे कामगारांचा पेपर. देशभरातून कामगार-वार्ताहर पत्रं पाठवायचे, अमक्या स्टेशनात पगार तीन महिने नाही, तमक्या स्टेशनमास्तरने कोळसा विकला, आणि चौथ्या पानावर ती पत्रं घासूनपुसून, टोक काढून छापली जायची. तिथे कामाला कोण होते बघा, बुल्गाकोव, इल्फ, पेत्रोव, ओलेशा, कतायेव! ओलेशा तर 'झुबीलो' या टोपणनावाने पद्य लिहायचा, झुबीलो म्हणजे छिन्नी. अशा फेल्येतोनमध्ये नाव आलेला साहेब रात्री झोपू शकायचा नाही. त्याला ललित म्हटलं तर वाचक फसेल, ताईंच्या गोष्टीतला साहेब कशाने हादरला तेच कळायचं नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे. वरच्या सत्तेवर लिहायची मुभा नव्हती, मधल्या आणि खालच्या अधिकाऱ्यांवर होती. चाबूक होता पण तो कुठवर पोचायचा हे ठरलेलं होतं. बल्गेरियातही हा शब्द उपहासालाच वापरतात.

हरिपूरचा

मी नाटकवाला माणूस, त्यामुळे हे सगळं नाटकाच्या परीक्षणातून सुरू झालं हे वाचून लै बरं वाटलं. एक तारखांचा मेळ बघा. युजेन स्यूची ती पॅरिसची कादंबरी पेपरात संपली १५ ऑक्टोबर १८४३ ला आणि तीनच आठवड्यांनी, ५ नोव्हेंबरला, आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी राजेसाहेबांसमोर सीतास्वयंवर उभं केलं. दोन्हीकडे माणसं उद्या काय होणार म्हणून बसलेली, एकीकडे पेपर घेऊन आणि एकीकडे मशालीच्या उजेडात. संबंध काही नाही एकमेकांचा, पण मला दोन्ही एकत्र आठवायला आवडतं.

मराठीत क्रमशः कादंबरीची गोष्ट हरिभाऊ आपट्यांची. १८९० ला त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि यमूची ती कादंबरी, 'पण लक्षात कोण घेतो', त्यातूनच हप्त्याहप्त्याने आली. फ्रेंच अर्थाने ती शंभर टक्के फॉयतों. फक्त आपल्याकडे त्या जागेला नाव पडलं नाही, शेवटी कंसात जो शब्द यायचा तो 'क्रमशः' मात्र सगळ्यांच्या डोक्यात बसला. माझी आजी तर एखाद्याचं भांडण मिटेना की म्हणायची त्यांचं क्रमशः चाललंय.

आणि गंमत म्हणजे स्वीडिशमध्ये नेमका असाच वापर आहे. तिकडे शब्द झाला 'फोल्येतोंग', आणि त्यांच्या भाषेत 'मागोमाग येणं' याला जे क्रियापद आहे ते उच्चाराला जवळचं, त्यामुळे लोकांनी स्पेलिंगच तसं करून टाकलं, पानाचा संबंध पुसला आणि मागोमाग येणारी गोष्ट असा अर्थ पक्का झाला. एखादं प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं की त्यालाही तेच म्हणतात. डॅनिश लोकांनी पण तसंच केलंय. स्पॅनिशमध्ये 'फोयेतीन', क्रमशः कादंबरी आणि त्यावरून रडारडीची, योगायोगांनी भरलेली कुठलीही गोष्ट. इटालियन लोकांनी तर फ्रेंच शब्द बाजूला ठेवून अशा कादंबरीला 'पुरवणीतली कादंबरी' अशा अर्थाचं स्वतःचं नाव पाडलं.

कऱ्हाडकर व्हिएन्ना

पुरवणीवरून आठवलं, हंगेरियन भाषेत याला 'तार्त्सा' म्हणतात, रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ पाकीट! माझ्या ऑफिसात बुडापेस्टचा एक जण आहे, तो म्हणतो आम्हाला शाळेत शिकवताना तार्त्सा-कथा असाच धडा असतो आणि कुणाला पाकीट आठवतही नाही. ग्रीक लोकांनी फ्रेंच शब्दाचं घरच्या घरी भाषांतर केलं, 'एपिफिलीदा', त्यात 'फिलो' म्हणजे पान. आज तिथे तो शब्द विचारवंताच्या वैचारिक लेखासाठी वापरतात. सर्बियात 'फेल्यतोन' म्हणजे पेपरात बरेच दिवस चालणारी इतिहासावरची नाहीतर कुणाच्या आठवणींची लेखमाला, कादंबरी नाही. म्हणजे आपल्या 'लेखमाला'ला सगळ्यात जवळचं तेच.

मिरजवाली

बाप रे, केवढं मिळालं! सगळ्यांचे मनापासून आभार. हर्झलच होते लेखात, बरोबर ओळखलंत दादा. आता एक शेवटची शंका. आमच्या यादीत पुढे चेक लिखाण आहे, १९७० च्या दशकातलं, बंदी असलेल्या लेखकांचं. तिथेही 'फेयेतोन' आहे. पण हे लिखाण कुठल्याच पेपरात छापलेलं नाही, टाइप करून हातोहात वाटलेलं. पेपर नाही, पान नाही, रेघ नाही, मग फेयेतोन कसं?

जुना सबएडिटर (सातारा)

हा प्रश्न भारी आहे आणि मला वाटतं या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा.

चेक लोकांच्यात हा प्रकार मुळात घट्ट रुजवला यान नेरूदाने, १८३४ ते १८९१ हा त्याचा काळ, 'नारोद्नी लिस्ती' या पेपरात त्याने शेकड्यांनी लिहिले. प्रागमधल्या गल्ल्या, भाडेकरू, बाजार, मोर्चा, सगळं. त्यामुळे तिथल्या साध्या वाचकाला फेयेतोन म्हणजे काय हे पाठ. पुढे १९६८ ला सोव्हिएत रणगाडे आले आणि नंतर लेखकांवर बंदी घातली. लुद्विक वात्सुलिक हा त्यातला मोठा माणूस. त्याने आणि मित्रांनी पुस्तकं टाइपरायटरवर काढायला सुरुवात केली, पातळ कागद, मध्ये कार्बन, एका दमात जेवढ्या प्रती उमटतील तेवढ्या, शेवटची प्रत तर डोळे फोडून वाचावी लागायची. आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तो फेयेतोन लिहून तसेच फिरवायला लागला, इतरांकडूनही लिहून घेतले. विषय बघाल तर वसंत ऋतू, बागेतली झाडं, पोलिसांनी चौकशीला बोलावलं तो दिवस.

त्याला पेपर नव्हता तरी त्याने हे नाव का धरून ठेवलं असेल? मला जे दिसतं ते असं, की फेयेतोन म्हटल्यावर वाचक आपोआप धरून चालतो की याच्यावर कुठेतरी बातम्यांचा भाग आहे आणि हा त्याच्याखालचा. तो भाग तर सरकारच्या ताब्यात, त्यात खरं काही नाही. मग रेघेखालचं तेवढं घेऊन हे लोक बाहेर पडले. १८०० साली पॅरिसमध्ये वरती बोलता येत नव्हतं म्हणून माणसं खाली वाचायला लागली, इथेही वरती बोलता येत नव्हतंच. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर चेक लिखाणासाठी मूळ शब्द तसाच ठेवला असता.

वाईचे मास्तर

सबएडिटरसाहेब, रशियाचं आणि चेकचं पटलं. 'ललित' मी फक्त व्हिएन्नापुरतं ठेवतो. मात्र टीप लिहिताना प्रत्येक ठिकाणी देश आणि साल दोन्ही द्या ताई, नुसता देश पुरणार नाही, दस्तयेव्हस्कीचा १८४७ चा आणि गुदोकचा १९२० च्या दशकातला एकाच शब्दाखाली आला तर परत तोच घोळ.

मिरजवाली

हो मास्तर, तसंच करतेय. आत्ता असं ठरलंय : फ्रेंचला 'क्रमशः कादंबरी', पण झॉफ्र्वाच्या वेळचं असेल तर 'तळपानाचं नाट्यपरीक्षण'. व्हिएन्ना 'ललित', आजचं जर्मन 'सांस्कृतिक पान'. पोलिश 'सदर', कारण तिकडे क्रमशः कादंबरीला वेगळंच नाव आहे असं मैत्रिणीच्या सहकाऱ्याने परत विचारल्यावर सांगितलं. सोव्हिएत रशियाला 'उपहासलेख'. चेक मात्र 'फेयेतोन'च, खाली नेरूदा आणि वात्सुलिक दोघांचा उल्लेख करून. रविवारी कट्ट्यावर वाचून दाखवणार आहे, विश्रामबागच्या आसपास कुणी असेल तर या.

हरिपूरचा

येतो की. योझेफ रोथचं इंग्रजी भाषांतर कुणाकडे असेल तर तेवढं घेऊन या, त्या बेघरांच्या निवाऱ्यावरचं मला मोठ्याने वाचायचंय.